परदेशी पीएच.डी.: गाइड, गट आणि गोतावळा (ठाणे–नवी मुंबईकरांसाठी)

येऊर_वाट (धागाकर्ता)

यंदा ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर या पट्ट्यातली बरीच मंडळी पीएच.डी.साठी बाहेर पडतायत. व्हिसा, फॉरेक्स कार्ड, कलिन्याहून ट्रान्सक्रिप्ट काढणं यावर वेगळे धागे आहेत, ते तिथेच विचारा. इथला विषय एवढाच: पोचल्यावर पुढची चार-पाच वर्षं माणसांत कसं राहायचं, आणि त्याचा अभ्यासाशी काय संबंध.

एम.एस.ला जाणाऱ्याला वर्ग असतो, वेळापत्रक असतं, दोनेक वर्षांत डिग्री हातात पडते. पीएच.डी.त बऱ्याच देशांत यातलं काहीच नसतं. पगार, विषय, शिफारसपत्र आणि पर्यायाने व्हिसासुद्धा एकाच माणसाच्या मर्जीवर. म्हणून माझं मत असं की गाइड जितका पारखून घेता तितकाच सोबतचा गट पारखून घ्यावा, आणि पोचल्यावर पहिल्या तीन महिन्यांत गाइड सोडून निदान तीन माणसं अशी जोडावीत की ज्यांना कामाचा प्रश्न बिनदिक्कत विचारता येईल.

जाणकारांनी लिहावं. फक्त 'आमच्या वेळी' असे सुरू होणारे प्रतिसाद नकोत, आत्मचरित्रासाठी वेगळा धागा काढा. नियम काय, पद्धत काय, कुठे अडतं, का अडतं, एवढंच.

सानपाडा_स्लो

चांगला धागा. सुरुवात देशांपासून करू, कारण 'एकटं पडणं' हे प्रत्येक देशात वेगळ्या वेळी येतं.

अमेरिका: पहिली साधारण दोन वर्षं कोर्सवर्क. एका वर्षी आलेली सगळी मुलं एकाच वर्गात, एकच गृहपाठ, त्यामुळे ओळखी आपोआप होतात. मग क्वालिफाइंग परीक्षा होते आणि जो तो आपापल्या लॅबमध्ये गडप. तिसऱ्या वर्षी अचानक कोणी भेटेनासं होतं. लोकांना वाटतं आपलंच काही चुकलं. चुकलेलं नसतं, वेळापत्रक संपलेलं असतं. एकूण पाच-सहा वर्षं धरा.

जर्मनी: बहुतेक जण विद्यापीठाचे नोकरदार असतात, करार टीव्ही-एल ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीचा, पण ५०, ६५, ७५ टक्के असा. पगार तेवढ्या टक्क्यांचा, काम मात्र पूर्ण वेळ, हे गृहीत धरलेलं असतं. कोर्सवर्क नाममात्र. एखाद्या प्रोफेसरकडे थेट गेलात तर तुमच्यासोबत रुजू होणारं कोणीच नसेल. ग्रॅज्युएट स्कूल किंवा माक्स प्लांक संस्थेच्या आयएमपीआरएस या पीएच.डी. कार्यक्रमासारख्या रचनेत गेलात तर बरोबरीची बॅच मिळते. दोन्हीत पर्याय असेल तर बॅचवाला घ्या.

नेदरलँड्स: नोकरी, चार वर्षं. स्वीडन: चार वर्षांचं संशोधन, त्यात २० टक्क्यांपर्यंत शिकवणं धरलं तर पाच. डेन्मार्क: तीन, म्हणजे श्वास घ्यायला वेळ नाही. ब्रिटन: तीन ते चार, कोर्सवर्क जवळपास नाही, पहिल्या वर्षाच्या शेवटी-शेवटी 'अपग्रेड' किंवा 'कन्फर्मेशन' नावाची चाळणी. तोपर्यंत तुम्ही कागदोपत्री पुरते पीएच.डी.चे नसता.

मामलेदार_तिखट

जर्मनीत 'अर्ध्या पगारात पूर्ण काम' हे इतकं सहज लिहिलंत! करारात तास लिहिलेले असतात, तेवढेच द्यायचे.

सानपाडा_स्लो

@मामलेदार_तिखट, करारातले तास प्रोजेक्टचं आणि शिकवण्याचं काम धरून असतात, थिसिस 'स्वतःचा' मानला जातो. न्याय्य आहे असं म्हणत नाहीये. पण थिसिसअगोदर विद्यापीठात ठरावीक मुदतीच्या करारांवर राहता येतं ते कायद्याने सहा वर्षं. अर्ध्या करारावरही हे घड्याळ पूर्ण वेगानेच चालतं.

तलावपाळी

गट पारखायचा कसा, यावर. मुलाखतीनंतर गाइडला सांगून त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायची वेळ मागा, आणि एक तरी असा शोधा जो गट सोडून गेलाय. 'सर कसे आहेत?' हा प्रश्न विचारू नका, उत्तर 'छान आहेत' हेच येतं. हे विचारा:

गेल्या पाच वर्षांत किती जण पूर्ण न करता गेले? शेवटच्या तिघांना किती वर्षं लागली? गाइड एकेकट्याला किती वेळा भेटतात, आणि ठरलेली भेट किती वेळा रद्द होते? पेपरचा पहिला मसुदा पाठवल्यावर किती आठवड्यांनी परत येतो? रविवारी मेसेज आला तर उत्तराची अपेक्षा असते का? पहिलं नाव कोणाचं हे कधी ठरतं, काम सुरू करताना की पेपर लिहून झाल्यावर? कॉन्फरन्सचे पैसे आगाऊ मिळतात की नंतर?

उत्तरांपेक्षा गप्प राहण्याकडे लक्ष द्या. दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी एकाच प्रश्नाला विषय बदलला तर समजायचं ते समजा.

आणि एक: मसुदा परत यायला तीन महिने लागतात असं कळलं तर तो गाइड कितीही नावाजलेला असो, तुमची चौथ्या वर्षातली झोप गेली.

पामबीच

+१. 'किती जण सोडून गेले' हा एकच प्रश्न विचारायचा झाला तर तोच विचारा.

घोडबंदर_जॅम

गाइडशी वागण्याबद्दल लिहितो, कारण आपल्याकडची सवय इथे सगळ्यात जास्त नडते.

आपल्याकडे गाइड सांगतो, आपण करतो. 'हो सर' म्हणून बाहेर यायचं आणि मग बाहेर बसलेल्या सीनियरला विचारायचं की नक्की काय करायचंय. तिकडे 'हो' म्हणजे 'समजलं, मान्य आहे, अमुक तारखेला देतो' असं धरलं जातं. न समजता हो म्हणालात आणि दोन आठवड्यांनी काही दाखवलं नाहीत, की आळशी हा शिक्का बसतो. उलट भेटीतच 'हे मला पटत नाही, कारण अमुक' म्हणालात तर कोणी रागवत नाही. नेदरलँड्स, डेन्मार्कात तर न बोलणाऱ्याबद्दलच शंका घेतात.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी पाच ओळींची मेल टाकायची. नमुना, मराठीत देतो, तुम्ही इंग्रजीत घाला:

'आज ठरलं ते: (१) तापमानाचा प्रयोग तीन नमुन्यांवर पुन्हा. (२) आकृती ४ मधून जुनी मालिका काढायची. (३) प्रस्तावना मी १२ तारखेपर्यंत पाठवेन. तुमच्याकडून: मायक्रोस्कोपच्या वेळेसाठी परवानगी. माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर कळवा.'

यातली शेवटची ओळ महत्त्वाची. सहा महिन्यांनी गाइड 'मी असं कधी म्हणालोच नव्हतो' म्हणाले, तर भांडायला लागत नाही, मेल पुढे करायची. गाइडलाही हे आवडतं. त्यांच्याकडे आठ-दहा विद्यार्थी असतात, कोणाला काय सांगितलं हे त्यांना तरी कुठे आठवतंय.

हाक मारण्याबद्दल: अमेरिका, ब्रिटन, स्कँडिनेव्हियात लवकरच पहिल्या नावावर येतात. जर्मनीत मात्र त्यांनी सांगेपर्यंत प्रोफेसर आणि आडनाव. 'रिस्पेक्टेड सर' कुठेच नको.

सायली_नेरूळ

प्रश्न: लॅबमध्ये दोन-तीन भारतीय आहेत असं कळलंय. त्यांच्यात राहावं की मुद्दाम बाहेर मिसळावं? दोन्ही प्रकारचे सल्ले मिळतायत.

तलावपाळी

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. घर शोधणं, पहिल्या आठवड्यातली गादी, कुकर, कोणत्या दुकानात तूरडाळ मिळते, बँकेत कोणता कागद लागतो, हे भारतीय गट अर्ध्या तासात सोडवतो. त्यात संकोच नको. पण कोणता गाइड निवृत्त होणार, कोणत्या उपकरणासाठी कोणाशी बोलायचं, अमुक ग्रँटची मुदत कधी, ही माहिती जेवणाच्या टेबलावर फिरते, आणि ते टेबल मिश्र असतं.

मामलेदार_तिखट

मी असहमत. 'मिसळा मिसळा' हा उपदेश ऐकून ऐकून कान किटले. दिवसभर परक्या भाषेत बोलून डोकं बधिर झाल्यावर संध्याकाळी तासभर मराठीत शिव्या घालता आल्या तर तेच औषध. ज्यांच्यात मन रमतं त्यांच्यात राहा.

तलावपाळी

संध्याकाळबद्दल वाद नाही हो. मी दुपारबद्दल बोलतेय. जर्मन गट साडेअकरा-बाराला एकत्र उठून मेन्साला (विद्यापीठाच्या कँटीनला) जातो. आपण दीडला जेवतो म्हणून मागे थांबलात, की दोन आठवड्यांनी ते विचारायचं बंद करतात, वाईट हेतूने नाही, 'याला येववत नसेल' म्हणून. डबा घेऊन त्यांच्यासोबत बसलं तरी चालतं. स्वीडनमध्ये फिका, म्हणजे सगळ्यांची एकत्र कॉफीची सुट्टी, सकाळी साडेनऊ-दहाला आणि दुपारी तीनच्या सुमारास. कामाचा वेळ जातो म्हणून तो टाळणारा तिथे कष्टाळू ठरत नाही, तुसडा ठरतो. नेदरलँड्समध्ये शुक्रवारी संध्याकाळी बोरेल (गटाचं पेयपान) असतो, हातात बिअर हवीच असं नाही, सफरचंदाचा रस घेऊन पाऊण तास उभं राहिलं तरी हजेरी लागते. दर वेळी नको. महिन्यातून दोनदा पुरे.

घोडबंदर_जॅम

यात एक बारकावा. एकाच लॅबमध्ये तीन मराठी किंवा तीन हिंदी बोलणारे असले तर लॅबच्या आत आपापसात इंग्रजीतच बोला. चौथा माणूस शेजारी उभा असतो, त्याला वाटतं आपल्याबद्दल चाललंय. गटातले अर्धे रुसवे इथून सुरू होतात. चिनी, इराणी, ब्राझिलियन गटांबद्दल आपणही हेच कुरकुरतो.

ऐरोलीची_आई

नमस्कार. मुलगी सप्टेंबरमध्ये जर्मनीला जातेय, पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. मेन्सात बसेल पण खाईल काय? आणि एकटी पडणार नाही ना?

पामबीच

काकू, मेन्सात रोज एखादा शाकाहारी, बऱ्याचदा व्हेगन पदार्थ असतो आणि पाटीवर घटकांचे क्रमांक-अक्षरं लिहिलेली असतात. अंड्याचं आणि दुधाचं वेगळं अक्षर असतं, तिला पहिल्याच दिवशी ती यादी फोनमध्ये फोटो काढून ठेवायला सांगा. फसायला होतं ते सूपमध्ये (मांसाचा स्टॉक), गोळ्या-जेलीत (जिलेटिन) आणि काही चीजमध्ये (वासराच्या पोटातलं रेनेट). व्हेगन पाटी असली की तिन्हीची काळजी मिटते.

दिवाळीला ती गटासाठी फराळ नेईलच. डब्यावर घटक लिहायला सांगा: दाणे, काजू, तीळ, गहू, दूध. दाण्यांची ॲलर्जी तिकडे जिवावर बेतणारी म्हणून धरतात. चिठ्ठी नसलेला चिवड्याचा डबा कोणी हात न लावता संध्याकाळपर्यंत पडून राहतो आणि पोरीला वाटतं फराळ आवडला नाही.

सानपाडा_स्लो

काकू, एकटं पडण्याबद्दल: खोली शोधताना तिला स्टुडंट हॉस्टेल किंवा दोन-तीन जणांचा सामायिक फ्लॅट बघू द्या, एकटीचा स्टुडिओ नको. 'मुलगी आहे, स्वतंत्र खोली-स्वयंपाकघर बरं' असं घरच्यांना वाटतं, पण पहिल्या हिवाळ्यात घरी आल्यावर कोणाचा तरी आवाज असणं फार उपयोगी. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. घर पाहण्याआधी, निदान व्हिडिओ कॉलवर दाखवण्याआधी, कोणालाही पैसे पाठवायचे नाहीत. आणि घरमालकाने 'ही इथे राहते' असा नोंदणीसाठीचा कागद द्यायलाच हवा, राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. तो कागद नाही म्हणणारा घरमालक नको.

कल्पेश_कळवा

वाचनखूण साठवली. एक शंका: पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सरमिसळ आहे. पेपरवर नाव कोणतं टाकायचं?

घोडबंदर_जॅम

महत्त्वाचं विचारलंत, हे पहिला पेपर जाण्याआधी ठरवायला हवं, नंतर निस्तरणं कठीण जातं.

पासपोर्टात 'गिव्हन नेम' मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव, 'सरनेम' मध्ये आडनाव, असं असेल तर उत्तम. आडनावाचा रकाना कोरा असेल तर जाण्याआधीच दुरुस्त करून घ्या. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं आणि बँक, लायसन्स, पगार सगळीकडे तुम्ही तेच होऊन बसता.

पेपरवर एकच रूप धरा आणि मरेपर्यंत तेच ठेवा. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे, म्हात्रे या आडनावांचे एकाच विषयात एकाच आद्याक्षराचे चार-चार लोक असतात. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर मध्ये घातलं तर फरक पडतो. शिवाय ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) काढा, १६ अंकी, फुकट, पाच मिनिटांचं काम. लग्नानंतर पासपोर्टावर नाव बदलणाऱ्यांनी पेपरवरचं नाव तसंच ठेवलं तरी चालतं, दोघांचा मेळ ऑर्किड घालतो.

पामबीच

अमेरिकेत टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून जाणाऱ्यांसाठी थोडं. बऱ्याच विद्यापीठांत परदेशी टीएंची बोलण्याची वेगळी परीक्षा असते, टोफेलचे गुण पुरेसे असतीलच असं नाही. नापास झालात तर वर्गाऐवजी पेपर तपासण्याचं काम देतात, आणि एखादा भाषेचा कोर्स. इंग्रजी कच्चं असं त्यातून ठरत नाही. आपला वेग आणि वाक्याचा शेवट गिळण्याची सवय, या दोन्ही गोष्टी दोन महिन्यांत सुधारतात.

करार २० तासांचा असतो, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या कामाची मर्यादाही आठवड्याला २० तासच. म्हणजे वर लायब्ररीत आणखी थोडं काम करू, हे जमत नाही. तपासणीसकट तास लिहून ठेवा, वीसच्या वर जात असतील तर सत्राच्या मध्यावर आकडे घेऊन प्राध्यापकाकडे जा, शेवटी रडून उपयोग नाही.

विद्यार्थ्यांचे गुण ही कायद्याने गोपनीय गोष्ट आहे. 'आमच्या वर्गातल्या अमक्याला शून्य मिळालं' हे आपल्या व्हॉट्सॲप गटावरही लिहायचं नाही.

सायली_नेरूळ

पैशांचं काय? स्टायपेंड पुरतो का, एवढं सोडून बाकी सांगा, ते शहरावर आहे हे कळलं.

पामबीच

ऑफर लेटरमध्ये स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बाराचा, हे आधी बघा. नऊचा असेल तर मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत खिसा रिकामा. उन्हाळ्यात आरए (रिसर्च असिस्टंटचं काम) मिळेल का हे लेखी विचारा. वर फी माफ असली तरी 'स्टुडंट फी' म्हणून दर सत्राला काहीशे डॉलर कापणारी विद्यापीठं पुष्कळ आहेत. पहिला पगार पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्याच्या शेवटी, तेव्हा डिपॉझिट धरून दोन-तीन महिन्यांचा खर्च जवळ ठेवा.

कॉन्फरन्स: नोंदणी, विमान, हॉटेल आधी स्वतःच्या कार्डावर, परतावा नंतर, आणि 'नंतर' म्हणजे कधीकधी दोन महिने. विभागाच्या सचिवांना विचारलं तर तिकीट थेट त्यांच्या एजन्सीतून काढून मिळतं किंवा आगाऊ रक्कम मिळते. गाइडला हे बऱ्याचदा ठाऊकच नसतं. सचिवांशी चांगले संबंध ठेवा, हा या सगळ्या धाग्यातला सर्वात कामाचा सल्ला.

सानपाडा_स्लो

सहमत. बोर्डिंग पास जपा, टॅक्सीची पावती जपा.

कल्पेश_कळवा

गणपतीला किंवा बहिणीच्या लग्नाला घरी येणं कितपत जमतं? आईचा पहिला प्रश्न हाच आहे.

सानपाडा_स्लो

रजेपेक्षा कागद अडवतात. अमेरिकेत आत असताना व्हिसाचा शिक्का संपला तरी चालतं, पण बाहेर पडलात की परत जायला नवा शिक्का लागतो. त्यामुळे बीकेसीच्या वकिलातीची अपॉइंटमेंट हाती असल्याखेरीज तिकीट काढू नका. आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या व्हिसाच्या कागदावर प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. काही विषयांत मुलाखतीनंतर जास्तीची चौकशी लागते, त्याला आठवडे जातात. सेमीकंडक्टर, अणुशास्त्र, ड्रोन, काही जैवतंत्रज्ञान अशा विषयांतल्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू नये, आणि गाइडला आधीच सांगून ठेवावं.

जर्मनीत परवाना कराराइतकाच मिळतो, करार दर एक-दोन वर्षांनी वाढतो, म्हणून परवानाही. मुदतीआधी अर्ज केला की जुना तात्पुरता चालू धरतात, पण त्याचं पत्र हातात नसताना देशाबाहेर पडू नका. या परवान्यावर शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, ब्रिटनसाठी मात्र वेगळा व्हिसा. लंडनच्या कॉन्फरन्सचा पेपर स्वीकारला गेला आणि व्हिसा वेळेत नाही, हे दरवर्षी कोणाचं तरी होतंच.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी इकडूनच बघा: ठरावीक तांत्रिक विषयांना भारतीयांना एटास नावाचं सुरक्षा-मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं. ते आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही. संशोधनाचा विषय मध्येच बदलला तर पुन्हा लागू शकतं.

मेघना_वाशी

नवरा पीएच.डी.ला, मी सोबत. यावर कोणी बोलतच नाही.

तलावपाळी

मेघना, बरं झालं विचारलंस. निर्णयाआधी तुझ्या कामाचा हक्क बघ. अमेरिकेत एफ-२ वर (एफ-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) नोकरी अजिबात नाही, अर्धवेळ शिक्षण चालतं. त्याचा व्हिसा जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाचा) असेल तर तुला जोडीदाराच्या जे-२ वर कामाची परवानगी मागता येते, पण जे-१ ला काही वेळा दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते, ती आधी तपासायची. जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला काम करता येतं, अडसर भाषेचा. ब्रिटनमध्ये २०२४ पासून संशोधनाच्या पदव्यांनाच जोडीदार नेता येतो, म्हणजे पीएच.डी.वाल्यांना चालतं.

जोडीदाराला लॅब नसते, मेन्सा नसते, सचिव नसतात. त्याचा दिवस संध्याकाळी सात वाजता सुरू होतो आणि तेव्हा पीएच.डी.वाला थकून आलेला असतो. भांडणं तिथून. पोचल्याच्या पहिल्या महिन्यात भाषेच्या वर्गाला नाव घाल. जर्मनीत फोल्कसहोखशूलचे (सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्राचे) वर्ग खासगीपेक्षा स्वस्त असतात. नवऱ्याच्या लॅबच्या ओळखींवर अवलंबून राहू नकोस, तुझ्या तू कर.

मेघना_वाशी

धन्यवाद ताई. जे-१ ची अट माहीतच नव्हती.

मामलेदार_तिखट

गाइडशी फाटलंच तर?

घोडबंदर_जॅम

पायऱ्या आहेत, उड्या मारू नका.

आधी लेखी. वर सांगितलेल्या मेल इथे कामी येतात. मग दुसरा सुपरवायझर किंवा थिसिस समितीतला एक माणूस. समिती असते ती याचसाठी, वर्षातून एकदा स्लाइड दाखवण्यापुरती नाही. तिथे भागलं नाही तर विभागाचा पीएच.डी. समन्वयक. त्यानंतर ओम्बड्सपर्सन (तक्रारी ऐकणारी तटस्थ व्यक्ती): जर्मनीत प्रत्येक विद्यापीठात, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी. नेदरलँड्समध्ये 'विश्वासू व्यक्ती' असं पदच असतं. यांच्याशी बोललेलं गोपनीय राहतं, पण अमेरिकेत लैंगिक छळाची तक्रार बहुतेक कर्मचाऱ्यांना वर कळवावीच लागते, तेव्हा सुरुवातीलाच 'हे गोपनीय राहील का?' विचारून मगच तोंड उघडा.

स्वीडनमध्ये मागितल्यास गाइड बदलून मिळणं हा नियमाने हक्क आहे. इतरत्र बहुधा तसा हक्क नाही, पण होतं. नवा गाइड तयार झाल्याशिवाय जुना सोडू नका, कारण व्हिसा नोंदणीला किंवा कराराला बांधलेला असतो. अमेरिकेत पुरेसे कोर्स झाले असतील तर मास्टर्स घेऊन बाहेर पडता येतं, तो पर्याय कोणी स्वतःहून सांगत नाही.

तलावपाळी

याच्याशीच जोडून. 'नेचर' नियतकालिकाच्या २०१९ च्या पाहणीत जगभरच्या ६,३०० हून जास्त पीएच.डी. विद्यार्थ्यांपैकी ३६ टक्क्यांनी पीएच.डी.मुळे आलेल्या चिंता वा नैराश्यासाठी मदत मागितल्याचं सांगितलं होतं. मदत न मागितलेले वेगळेच. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा हसरा माणूसही बहुधा त्यातलाच.

विद्यापीठाचं समुपदेशन बहुधा फुकट, पण बैठका मोजक्या आणि सत्राच्या शेवटी रांग मोठी. नोव्हेंबर उजाडायच्या आत पहिली वेळ घेऊन ठेवा, गरज वाटो न वाटो. उत्तरेकडे जाणाऱ्यांनी अंधाराची तयारी ठेवा, स्टॉकहोममध्ये डिसेंबरात तीनच्या आत सूर्य मावळतो. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं बाहेर चालायचं, ढग असले तरी. संध्याकाळी जिमला जाऊ म्हणणाऱ्यांना दिवसाचा उजेड दिसतच नाही.

घरच्यांशी रोज तासभर व्हिडिओ कॉल, याबद्दल माझं मत कडक आहे: नको. रविवारी ठरलेली वेळ ठेवा. ठाण्यात रात्रीचे नऊ म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेचार.

ऐरोलीची_आई

रविवारपर्यंत कसं थांबायचं हो…

तलावपाळी

काकू, मधल्या दिवशी तिने जेवणाचा फोटो टाकला तरी समजा सगळं ठीक. फोटो येणं थांबलं तर बुधवारीसुद्धा फोन करा.

सायली_नेरूळ

भारतातून एम.एस्सी. करून जाणाऱ्यांना चोरीच्या, म्हणजे प्लेजरिझमच्या, नियमांत काय वेगळं?

घोडबंदर_जॅम

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यामुळे आपल्याकडे 'टक्केवारी खाली आणा' हा उद्योग झालाय. तिकडे टक्के कोणी विचारत नाही. एक परिच्छेद उचललेला सापडला तरी प्रकरण उभं राहतं, टक्के दोन असले तरी. स्वतःच्या जुन्या थिसिसमधला पद्धतीचा भाग जसाच्या तसा चिकटवणंही चालेलच असं नाही. एआय वापरण्याचे नियम विभागागणिक वेगळे आहेत, ते कागदावर मागून घ्या.

कल्पेश_कळवा

शेवटचा दिवस कसा असतो? आईबाबांना बोलवायचं तर तयारी लागेल.

पामबीच

ब्रिटनमध्ये बोलावून उपयोग नाही, व्हायवा बंद दाराआड, दोन परीक्षक आणि तुम्ही. निकाल बहुधा किरकोळ दुरुस्त्यांसह. ऑस्ट्रेलियात पारंपरिक पद्धतीत तोंडी परीक्षाच नसायची, थिसिस बाहेरच्या परीक्षकांकडे जातो.

बघण्यासारखा समारंभ नेदरलँड्सचा. दोन सोबती, पॅरानिंफ, झग्यातल्या प्राध्यापकांसमोर तुमच्यामागे उभे असतात. वेळ संपली की बेडल (विद्यापीठाचा समारंभ-अधिकारी) दंड आपटून 'होरा एस्ट' म्हणतो, आणि उत्तर अर्धवट असलं तरी थांबायचं. सकाळी दहाला असेल तर उन्हाळ्यात ठाण्यात दुपारचे दीड, थेट प्रक्षेपण मागा. स्वीडनमध्ये साधारण तीन आठवडे आधी थिसिस खिळ्याने ठोकून जाहीर करतात. जर्मनीत लॅबवाले पुठ्ठ्याची टोपी करतात, तिच्यावर तुमच्या सगळ्या फजित्या चिकटवलेल्या. ग्योटिंगेनमध्ये नवा डॉक्टर गेन्झलीझल पुतळ्याचं चुंबन घेतो. फिनलंडमध्ये संध्याकाळी कारोंका, प्रतिपक्षी परीक्षकाच्या मानाचं जेवण. त्याचा खर्च उमेदवाराचा, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

ऐरोलीची_आई

शेवटचं विचारते. कुकर आणि साजूक तूप द्यायचं आहे. आणि विमानतळ कोणता, नवी मुंबईचा जवळ पडेल.

सानपाडा_स्लो

काकू, तिकिटावरचा कोड बघा: बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. घरून निघायच्या वेळेत बराच फरक पडतो.

तूप नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, बर्फी सगळं आलं. तिकडे लोणी मिळतं, तिला कढवायला शिकवा. गोडा मसाला, मेतकूट, हिंग चालेल, हिंग दोन डब्यांत.

कुकर तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा, सोबत दोन गॅस्केट आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, कारण ते तिकडे सहज मिळत नाहीत. शिट्टी काढून वेगळी बांधा. जर्मनीत २३० व्होल्ट, त्यामुळे आपला मिक्सर चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर लागेल. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र मिक्सर घरीच ठेवावा, तिकडे ११०-१२० व्होल्ट.